पांढरं हेडच घ्या

लॅक्रॉस म्हणजे जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ. त्या काठीचं नवीन हेड घ्यायचं निघालं की मुलाला माझं एकच सांगणं असतं, पांढरं घे. रंगीत हेड पुढे फक्त गडद करता येतं, पांढऱ्यावर घरीच हवा तो रंग चढवता येतो. आम्ही मेरीलँडमध्ये राहतो. इथे २००४पासून लॅक्रॉस हा राज्याचा अधिकृत सांघिक खेळ आहे. सामने वसंतात, म्हणून आमचं रंगकाम थंडीतच उरकतं.

काठीच्या टोकाला जाळी ओवायची जी चौकट असते, ते हेड. बहुतेक हेड नायलॉनची असतात आणि खरी मजा तिथेच आहे. लोकर आणि रेशीम ज्या अ‍ॅसिड रंगांनी, म्हणजे आंबट पाण्यात चढणाऱ्या रंगांनी रंगतात, त्यांनीच नायलॉनही रंगतं. पाण्यात व्हिनेगर घातलं की नायलॉनच्या रेणूंमधल्या अमाइन गटांवर (नायट्रोजन असलेल्या भागांवर) धन प्रभार येतो आणि ऋण प्रभाराचे रंगाचे रेणू तिथे जाऊन चिकटतात. रंग वरून फासलेला नसतो, नायलॉनमध्येच मुरलेला असतो. म्हणून चेंडू काढताना हेड जमिनीवर घासलं तरी त्याचे पोपडे निघत नाहीत. स्प्रे पेंट मला अजिबात पटत नाही तो यासाठीच. माझं माहेर सोलापूरचं, रंगाईच्या वाफेचा वास लहानपणापासून ओळखीचा. पण सुताचं रसायन वेगळं.

आधी जाळी आणि दोऱ्या पूर्ण काढायच्या. भांड्यांच्या साबणाने हेड घासून धुवायचं, कारण हाताचा तेलकटपणा राहिला तर तिथे डाग पडतो. नक्षी हवी असेल तिथे हॉट ग्लूच्या रेघा ओढायच्या; बारीक अक्षरांना व्हाइनिलचं स्टिकर बरं. झाकलेला भाग पांढरा राहतो. दोन रंग असतील तर फिका आधी: सगळं पिवळं करायचं, जे पिवळं ठेवायचं ते झाकायचं, मग निळ्यात बुडवायचं. उघडा भाग हिरवा होतो, कारण हे रंग पारदर्शक असतात, खालचा रंग झाकत नाहीत.

सगळ्यात जपायचं ते आचेला. पाणी गरमच हवं, नाहीतर नायलॉन रंग आत घेत नाही. पण उकळू द्यायचं नाही. वाफ निघावी, बुडबुडे येऊ नयेत. हा खेळ मूळ हौडेनोसौनी या उत्तर अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांचा. त्यांचे कारागीर हिकरीचं लाकूड वाफवून काठीला बाक देतात. उष्णतेने नायलॉनही तसंच वळतं, फक्त आपल्याला ते नको असतं. म्हणून हेड तळाला टेकू न देता सतत हलवत राहायचं. पातेलं रंगासाठीच वेगळं ठेवायचं, ते पुन्हा स्वयंपाकात आणायचं नाही.

हवी ती छटा आली की लगेच गार पाण्यात. ग्लू कडक होऊन नखाने सुटतो आणि खालची पांढरी रेघ दिसते, तेव्हा मुलगा आणि मी दोघंही ओट्यावर वाकलेले असतो. हेड पूर्ण वाळल्यावर जाळी तो स्वतः ओवतो. चेंडू धरणारी जाळीची खोळ, म्हणजे पॉकेट, किती खोल हवं, ते त्याच्या हातालाच कळतं.