सारख्या माश्या, सारखा डोस, तरी निम्म्या मरतात आणि निम्म्या जगतात

एका बाटलीतल्या माश्या घ्यायच्या, सगळ्या एकाच स्टॉकच्या, म्हणजे पिढ्यानपिढ्या आपसातच प्रजनन होत गेल्याने जीन्स जवळपास सारखे झालेल्या, सगळ्या माद्या, सगळ्या एकाच वयाच्या, तेच मक्याचं पीठ-यीस्ट-साखरेचं खाणं खाऊन वाढलेल्या. सगळ्यांना एकाच बॅक्टेरियाचं इन्फेक्शन द्यायचं, डोसही जमेल तितका सारखा. दोन-तीन दिवसांनी बघावं तर साधारण निम्म्या खाली मरून पडलेल्या आणि उरलेल्या निम्म्या बाटलीच्या काचेवर आरामात चढताना दिसतात. का? हा प्रश्न मला इतकी वर्षं सोडत नाहीये म्हणून आज सविस्तर लिहायला बसलेय.

माशी म्हणजे ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर, घरात केळी जास्त पिकली की त्यावर घिरट्या घालणारं ते लाल डोळ्यांचं बारीक चिलट. आंब्यात-पेरूत अळ्या करणारी फळमाशी वेगळी, तिचं कुळच दुसरं. आमच्या या माशीला अंड्यापासून पूर्ण वाढायला २५ डिग्रीला दहाएक दिवस लागतात, एका छोट्या खोलीत हजारो ठेवता येतात, आणि शंभरेक वर्षं तिच्यावर काम झालेलं असल्यामुळे जवळपास कुठलाही जीन बंद केलेली माशी स्टॉक सेंटरकडून मागवता येते. आता लोक विचारतात की माणसाच्या इन्फेक्शनशी हिचा काय संबंध, हिला ना अँटीबॉडी ना टी सेल (विशिष्ट जंतू ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी). बरोबर आहे, नाहीतच. पण त्याच्या आधीची जी पहिली फळी असते ती हिच्यात आहे आणि माणसातही आहे. १९९६ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ज्यूल्स हॉफमन यांच्या लॅबमध्ये ब्रुनो लमेत्र आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की टोल नावाचा जीन बिघडला तर माशी बुरशीपुढे टिकत नाही. तोवर टोल हा गर्भाची वाढ ठरवणारा जीन म्हणूनच माहीत होता. वर्षभरात माणसातला टोलसारखा जीन सापडला, मग उंदरातला, आणि २०११ चं नोबेल हॉफमनना मिळालं ते याच कामासाठी. आज मेडिकलच्या पुस्तकात टोल-लाइक रिसेप्टर वाचतात त्यातला टोल माशीचाच.

तर इन्फेक्शन देतात कसं ते सांगते, कारण हे प्रत्यक्ष बघितल्याशिवाय पुढचं नीट कळत नाही. माश्यांना कार्बन डायऑक्साइडच्या पॅडवर बेशुद्ध करायचं, मायक्रोस्कोपखाली एकेक सरळ करायची. टंग्स्टनची केसाएवढी बारीक सुई बॅक्टेरियाच्या द्रावणात बुडवायची आणि छातीच्या बाजूला, पंखाच्या खाली हलकेच टोचायची. जास्त खोल गेली तर माशी जखमेनेच मरते, म्हणून एक बॅच नेहमी नुसत्या स्वच्छ सुईने टोचलेली ठेवायची, ती जगली तरच बाकीच्या आकड्यांना अर्थ. टोचून झालं की बाटली आडवी ठेवायची, उभी ठेवली तर बेशुद्ध माश्या खाली ओल्या खाण्यात चिकटून तिथेच मरतात. काही मिनिटांत त्या उठून पाय झाडायला लागतात, आणि थोड्या वेळाने टोचलं त्या जागी काळा ठिपका दिसतो. तो मेलॅनिनचा, जखम बंद करायची तिची पद्धत.

मग तिच्या आत काय चालू होतं? बॅक्टेरियाच्या भिंतीचे तुकडे ओळखणारी प्रोटीन्स तिच्याकडे असतात. बॅक्टेरियाचे भिंतीच्या रचनेवरून दोन मोठे गट पडतात, ढोबळ मानाने त्यातले ग्रॅम-निगेटिव्ह असतील तर आयएमडी नावाचा मार्ग चालू होतो, ग्रॅम-पॉझिटिव्ह किंवा बुरशी असेल तर टोल. दोन्हींचा शेवट बराचसा सारखा, फॅट बॉडी म्हणजे तिच्या लिव्हरसारखा अवयव बॅक्टेरिया मारणारे पेप्टाइड, म्हणजे अगदी छोटी प्रोटीन्स, रक्तात सोडायला लागतो. पण याला काही तास लागतात, आणि तेवढ्या वेळात बॅक्टेरिया वाढतच असतात हो, ते काही थांबत नाहीत.

आता माशीत बॅक्टेरिया किती आहेत ते मोजायचं कसं? माशी चिरडून, पातळ करून प्लेटवर पसरायची आणि दुसऱ्या दिवशी वाढलेल्या कॉलनी, म्हणजे बॅक्टेरियाचे ठिपके, मोजायच्या. आतड्यातले नेहमीचे बॅक्टेरिया त्या प्लेटवर हळू वाढतात म्हणून घोळ होत नाही. पण खरी अडचण दुसरीच आहे, मोजलं की माशी संपली. सहाव्या तासाला जी माशी चिरडली ती पुढे जगणारी होती की मरणारी हे कधीच कळणार नाही. मला हा या कामातला सगळ्यात अवघड भाग वाटतो.

अमेरिकेत कॉर्नेल युनिव्हर्सिटीतल्या गटाने २०१७ मध्ये यावर फार सुंदर काम छापलं. त्यांनी दर थोड्या वेळाने खूप माश्या एकेकट्या मोजल्या. प्रॉव्हिडेन्शिया रेटगेरी हा त्यातला मुख्य बॅक्टेरिया, जंगली माश्यांच्या शरीरातूनच मिळालेला, माणसात लघवीच्या इन्फेक्शनमध्येही सापडतो. तर सुरुवातीला सगळ्या माश्यांमध्ये आकडे चढतात, एकच गठ्ठा दिसतो. मग काही तासांनी गठ्ठा फुटतो आणि दोन होतात, एकीकडे आकडा चढतच चाललेल्या आणि दुसरीकडे आवर घातलेल्या, मध्ये जवळपास कुणी नाही. म्हणजे जगणं-मरणं तिसऱ्या दिवशी ठरतच नाही, ते पहिल्याच दिवशी ठरून गेलेलं असतं. कुणाचे पेप्टाइड जरा लवकर पुरेसे झाले आणि कुणाचे जरा उशिरा, एवढाच फरक, आणि तो सारख्या जीन्सच्या माश्यांमध्येही पडतो. शिवाय मरणाऱ्या माश्या मरताना ठराविक आकड्यालाच पोचलेल्या असतात, सुरुवातीचा डोस कमी असो की जास्त. आणि ज्या जगतात त्या पूर्ण बऱ्या होत नाहीत बरं का, थोडे बॅक्टेरिया तशाच पातळीवर आयुष्यभर बाळगून राहतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पेपर बाजूला ठेवून बराच वेळ नुसती विचार करत बसले होते.

जीन्सचा काहीच हात नाही असं मात्र अजिबात नाही. डिप्टेरिसिन नावाच्या पेप्टाइडमध्ये ६९ व्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनीन आलं, एवढा एकच बदल, तर माशी याच प्रॉव्हिडेन्शियापुढे खूपच जास्त मरते. २०१९ मध्ये लमेत्र यांच्याच लॅबमधून (आता ते स्वित्झर्लंडमध्ये लोझानला आहेत) असे १० पेप्टाइड काढून टाकलेल्या माश्या आल्या. बऱ्याच बॅक्टेरियाविरुद्ध हे पेप्टाइड मिळून काम करतात असं दिसलं, पण प्रॉव्हिडेन्शियाच्या बाबतीत नुसती डिप्टेरिसिन्स काढली तरी माशी सगळे १० काढल्यासारखीच मरत होती. एका शत्रूसाठी जवळपास एकच हत्यार! असं काही निघेल अशी फार जणांना अपेक्षा नव्हती, हे पेप्टाइड सरसकट सगळ्यांवर थोडेथोडे चालतात असंच समजलं जायचं.

मर्यादा आहेतच आणि त्या मी कुणापासून लपवत नाही. लसीबद्दल, अँटीबॉडीबद्दल माशी काहीही सांगणार नाही, तिथे उंदीरच लागतात. फुप्फुस नाही. आणि ३७ डिग्रीला ती फार काळ तग धरत नाही, म्हणून माणसाच्या तापमानालाच खरे रंग दाखवणारे जे बॅक्टेरिया आहेत ते तिच्यात नीट अभ्यासताच येत नाहीत.

टीबीचं तसंच. जगातल्या टीबीच्या केसेसपैकी साधारण एक चतुर्थांश भारतात, आणि आमच्याच घरात मोठ्या काकांना झालेला टीबी मी लहानपणी बघितलाय, औषध चालू असतानाही अंगावरचं मांस उतरत जाताना. त्यामुळे या भागाकडे मी जरा जास्तच ओढीने बघते. टीबीचा बॅक्टेरिया माशीत वापरत नाहीत, त्याचा नातेवाईक मायकोबॅक्टेरियम मरायनम वापरतात, माशांना म्हणजे पाण्यातल्या माशांना टीबीसारखा आजार देणारा, त्याला तीसच्या आसपासचं तापमान चालतं. तो टोचलेल्या चिलटांची साठवलेली चरबी आणि ग्लायकोजेन (साखरेचा साठा) हळूहळू संपत जातं, त्या खंगत जातात. २००६ मध्ये मार्क डिओन आणि सहकाऱ्यांनी बघितलं की या माश्यांमध्ये इन्सुलिनचा सिग्नल मंदावतो आणि फॉक्सो नावाचं प्रोटीन जास्त कामाला लागतं, म्हणजे शरीर उपाशी असल्यासारखं वागायला लागतं. मग त्यांनी फॉक्सो नसलेल्या माश्यांना तेच इन्फेक्शन दिलं, तर त्यांची झीज कमी झाली आणि त्या जास्त दिवस जगल्या. मारणाऱ्यात बॅक्टेरिया होताच, पण तिच्या स्वतःच्या शरीराचं ते उपाशीपण पण होतं.