रविवारी न दुखणारं पोट

कोपरखैरण्यात माझं लहान मुलांचं क्लिनिक आहे. जूनमध्ये शाळा उघडली की पोटदुखीवाले वाढतात, हे आम्हाला पाठ असतं. हा नववीतला मुलगा मात्र दिवाळीची सुट्टी संपल्यावर आला, जाडजूड फाइल घेऊन. सोनोग्राफीत ‘आतड्याजवळ गाठी’ निघाल्या होत्या आणि कुणीतरी आईच्या डोक्यात टीबी घालून दिला होता. अशा बारीक गाठी पुष्कळ धडधाकट मुलांत दिसतात. पण रिपोर्टात ठळक छापलं की अख्ख्या घराची झोप उडते.

“एका बोटाने दाखव, कुठे दुखतं?” त्याने सगळा पंजा बेंबीभोवती फिरवला. दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितका पोटातच काही आजार असण्याचा संभव जास्त, हा आमच्यातला जुना ठोकताळा. वजन उतरलेलं नाही, ताप नाही, शौचातून रक्त नाही, दुखण्याने रात्री जाग येत नाही. रविवारी? मानेनेच नाही. बोलत होती ती आईच.

तिला बाहेर बसायला सांगितलं. “माझ्यासमोर बोलेल की तो!” सगळ्याच आया हे म्हणतात. बीपीचा पट्टा बांधता बांधता मी विचारत गेले: घर, जेवण, शाळा, मित्र, झोप. झोपेपाशी तो अडला. मग फोनच पुढे केला.

मराठीच्या तासाला कविता म्हणताना त्याचा आवाज फुटला होता. कुणीतरी तेवढाच तुकडा कापून गाण्यावर चढवला. रोज सकाळी तो वर्गाच्या ग्रुपवर पडायचा, रात्री दोनपर्यंत त्यावर हसणं चालायचं. आता हजेरीलाही हा नुसता हात वर करतो.

“मग ग्रुप सोड ना.”

“सोडला तर मागे काय बोलतात ते कळणार नाही.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मरावंसं वाटतं का, हे मी सरळ विचारते. विचारल्याने ते मुलांच्या डोक्यात शिरत नाही, तरी भलेभले डॉक्टर इथे कचरतात. तो म्हणाला, “मरायचं नाही. वर्गाने मला विसरावं.”

त्याच्या परवानगीने आईवडिलांना सांगितलं. वडिलांचं पहिलं वाक्य: “फोनच काढून घेतो!” म्हणूनच पोरं घरी सांगत नाहीत. शेवटी ठरलं ते असं: फोन रात्री हॉलमध्ये, स्क्रीनशॉट जपून ठेवायचे, वर्गशिक्षिकेला भेटायचं आणि समुपदेशन सुरू करायचं. चिठ्ठीवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, 14416, लिहून दिला. गाठींसाठी औषध काहीच नाही, याचं आईला शेवटपर्यंत नवल वाटत होतं.

ग्रुपमधली चार-पाच नावं माझ्याच पेशंटची. पोलिओचे थेंब मीच पाजलेले. तुकडा कापणारा पुढच्याच आठवड्यात खेळाच्या फिटनेस सर्टिफिकेटसाठी आला. हृदय, फुप्फुसं, नजर, सांधे, सगळ्यांपुढे नॉर्मल लिहून सही केली. त्याच्याशी बोलायला हवं होतं का, हे मला ठरवता येत नाहीये. बोलले असते तर हे मला कुणाकडून कळलं ते त्याने लगेच ओळखलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर तेही पडलं असतं.