२८-०-२८

अँप्लिफायरचा पहिला आयसी उडाला तेव्हा मी तो बांधणाऱ्या पोरालाच झापलं. "मायका नीट बसवला नसशील." मायका म्हणजे आयसी आणि हीटसिंक (आयसी थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) यांच्यामधला वीज अडवणारा पापुद्रा. या टीडीए७२९४ आयसीच्या पाठीचा पत्रा आतून मायनस सप्लायला जोडलेला असतो. तो थेट हीटसिंकला टेकला आणि हीटसिंक डब्याला, की संपलं. पोरगं म्हणालं, "बसवलाय की काका, मीटर लावून बघितलंय." मी ऐकलं नाही. व्हिडिओ बघून अँप्लिफायर बांधणाऱ्यांवर माझा विश्वास कमीच.

दुसरा उडाला तेव्हा मी आयसी विकणाऱ्याला शिव्या घातल्या. डुप्लिकेट असेल म्हटलं. बाजारात घासून नवीन छापलेले आयसी सर्रास मिळतात, त्यामुळे हा आरोप कुणालाही पटतो. पोरालाही पटला.

ट्रान्सफॉर्मरवर मात्र एकदाही संशय गेला नाही, कारण तो मी गुंडाळला होता.

मे महिन्यात माझं दुकान म्हणजे कूलरच्या मोटारींचं इस्पितळ. जळकी मोटार आली की तार काढा, नवी भरा, वार्निश मारा, पुढची घ्या. त्यात एखादं ऑडिओचं काम आलं की हात शिवशिवतात. हे पोरगं शहराच्या पूर्व भागातलं, घरी चार यंत्रमाग, टॉवेलचं काम. आठ ओहमच्या दोन स्पीकरांसाठी स्टीरिओ बांधत होतं. बाजारातला '२४-०-२४, ५ अँपिअर' ट्रान्सफॉर्मर घेऊन आलं होतं, म्हणजे मधल्या तारेपासून दोन्ही बाजूंना २४ व्होल्ट. मी तो नुसता हातावर तोलला. एवढ्या ताकदीचा खरा माल तीन किलोच्या आसपास भरतो. हा दोनही नव्हता. ब्लेडनं तार खरवडली तर तांबूस इनॅमलखाली पांढरंफटक अ‍ॅल्युमिनियम. लेबलाला काय, दहा अँपिअर छापलं तरी कागद तेवढाच लागतो.

"ठेव हा बाजूला, मी करून देतो," म्हटलं.

जीव ओतून केला. १८ चौरस सेंटीमीटरचा लोखंडी गाभा, व्होल्टला अडीच वेढे, प्रायमरी (लाइनकडची गुंडाळी) २२ गेजचे ५७५. सेकंडरीला (अँप्लिफायरकडच्या गुंडाळीला) १६ गेजच्या दोन तारा एकत्र धरून गुंडाळल्या, म्हणजे दोन्ही अर्धे तंतोतंत सारखे येतात. लोडवर पडणाऱ्या व्होल्टेजसाठी तीन वेढे जास्तीचे, प्रत्येक अर्ध्याला एकूण ७३. पाच अँपिअर एसी म्हणजे कपॅसिटरनंतर सलग जेमतेम तीन अँपिअर डीसी, हे हिशोबात धरूनच तार जाड घेतली. स्टँपिंग (गाभ्याचे पत्रे) ठोकून असे बसवले की कान लावला तरी गुणगुण नाही.

आणि २४ ऐवजी २८ केलं. पोरगं म्हणालं होतं, "काका, आवाज दणकून पाहिजे." मलाही सुरसुरी आली. सिरीज बल्ब लावून चालू केलं, बल्ब विझला म्हणजे आत शॉर्ट नाही, मग थेट लाइनवर घेतलं. एसीचं डीसी झालं की व्होल्टेज चढतंच; कपॅसिटरवर दोन्ही बाजूंना ३७.४ व्होल्ट. आयसीची चालू असतानाची मर्यादा ४० व्होल्ट. मी खूश, पोरगं खूश.

दुसरा आयसी गेल्यावर पोराचे वडील स्वतः डबा घेऊन आले. भांडायला नव्हे, उलट "पोरगं तुम्हाला लई त्रास देतंय" म्हणत. चहा घेता घेता सहज बोलून गेले, "सुट्टीच्या रात्री आमच्याकडं बल्ब पण टिकत नाही बघा. माग बंद असले की लई उजळ लागतो."

माझा कप तसाच राहिला. दोन्ही आयसी कधी गेले, विचारलं. दोन्ही सुट्टीच्या रात्री.

पुढच्या सुट्टीला रात्री अकराला मीटर घेऊन त्यांच्या घरी गेलो. दिवसा जिथं खटखटाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, त्या गल्लीत कुत्र्याचं जांभई देणंही ऐकू येत होतं. बोर्डात मीटर घातला. २५४ व्होल्ट. अँप्लिफायरच्या कपॅसिटरवर ४४.

दुकानात मी मोजलं तेव्हा भर दुपार होती. गल्लीतले माग चालू, घरोघरी कूलर, लाइन २१६ वर बसलेली. लाइनचा आकडा त्या दिवशीही बघितला होता, वहीत लिहिलाही आहे. त्याच्याच शेजारी ३७.४ लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत. २३० ला किती होईल, २५० ला किती होईल, हा त्रैराशिकाचा हिशोब मी केला नाही. बिनआवाजाचे ५० व्होल्ट हा आयसी सोसतो; गाणं वाजवत ४४ हे त्याचं काम नाही.

ट्रान्सफॉर्मर परत आणला. वार्निश प्यायलेले स्टँपिंग सोडवताना चार वाकले. तारा जोडीनं गुंडाळल्या होत्या म्हणून प्रत्येक अर्ध्यातून दहा वेढे सोबतच सुटले. आता २५४ ला ३८ येतात, दुपारच्या २१६ ला ३२. आयसीच्या डाटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) आठ ओहमला ३५ व्होल्ट लिहिलेत, तेही मी तेव्हाच वाचलेले होते. आणि २८ वरून २४ वर आल्यानं आवाज किती घटला? दीड डेसिबलसुद्धा नाही. एवढा फरक कानाला धड कळतही नाही. त्यासाठी दोन आयसी.

पोरगं घ्यायला आलं. गाणं लावलं, आवाज वाढवला. म्हणालं, "पहिल्यापेक्षा भारी वाजतंय की काका!" पैसे विचारले. मी नको म्हटलं. त्याला वाटलं काकांनी सवलत दिली, वाकून नमस्कार केला. तेव्हा सांगायला हवं होतं. मी कूलरची मोटार पुढ्यात ओढली आणि "मायका बघत जा" म्हणालो.