पाय हातात असताना

मी ख्रिस्ती आहे आणि चौतीस वर्षे परिचारिका म्हणून काम करून निवृत्त झाले आहे. आषाढी वारीला मी गेले ते शेजारच्या वहिनींमुळे. त्या माउलींच्या पालखीबरोबर अनेक वर्षे चालत आहेत, आणि परत आल्यावर दरवर्षी त्यांच्या पायांची मलमपट्टी माझ्याकडेच होत असे. "दिंडीत सगळ्यांचेच पाय असे होतात, तुम्हीच का येत नाही?" असे त्यांनी एकदा सहज विचारले आणि मी नाही म्हणू शकले नाही. चर्चमध्ये ही गोष्ट कळल्यावर दोन मते पडली. काहींना हे मुळीच रुचले नाही. काहींनी मात्र इतक्या लोकांपर्यंत शुभवर्तमान नेण्याची संधी पुन्हा मिळणार नाही, असे सांगून लूककृत शुभवर्तमानाच्या दहा छोट्या पुस्तिका माझ्या हाती ठेवल्या. त्या मी पिशवीच्या तळाशी, कापूस आणि गॉजच्या खाली ठेवल्या. त्या तळाशी का ठेवाव्याशा वाटल्या, याचा विचार तेव्हा केला असता तर पुढचे बरेच टळले असते.

दिंडीची भिशी, म्हणजे जेवण-मुक्कामाची वर्गणी, भरून मी पुण्यात सामील झाले. पुणे ते सासवड ही संपूर्ण वाटचालीतली सर्वांत लांब मजल, सुमारे तीस किलोमीटरची, आणि तिच्यात दिवे घाटाची चढण. घाटाचे वर्णन आजवर इतक्यांनी केले आहे की मी त्यात भर घालत नाही. मला त्या दिवशी दिसले ते प्रामुख्याने पायच. नव्या चपलांनी सोललेल्या टाचा, पावसात भिजून बोटांच्या बेचक्यांत झालेल्या चिखल्या, शेतकऱ्यांच्या तळव्यांवरच्या जुन्या भेगा, आणि कोणीतरी सुईत दोरा ओवून आरपार काढलेले फोड. तो दोरा पाहिला की माझ्यातली परिचारिका खवळते. फोड फुटला नसेल तर त्याला हात लावू नये, स्वच्छ धुवून, कोरडा करून, वर पट्टी लावून द्यावी, हे मी त्या पंधरवड्यात किती वेळा सांगितले असेल याची गणती नाही. मधुमेह असलेल्यांना तर पायाला जखम झाल्याचे अनेकदा कळतही नाही, म्हणून पाय हातात घेतला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे, "माउली, साखर आहे का?"

सासवडला पालखीचा मुक्काम दोन दिवसांचा होता. विश्रांतीच्या दिवशी आमच्या तंबूच्या तोंडाशी मी पाण्याची बादली, टॉवेल आणि पेटी घेऊन बसले आणि एकेक जण येऊ लागला. दुपारी विशीतला एक मुलगा आला. त्याच्या डाव्या टाचेचे कातडे रुपयाएवढे निघाले होते. मी टाच धुऊ लागले तसे त्याने कौतुकाने विचारले, "ताई, तुम्ही हे सगळं फुकट का करता?" मला वाटले, हीच ती वेळ. मी सुरुवात केली. प्रभू येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी उठून, कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले, हे योहानाच्या तेराव्या अध्यायातले सांगितले. तिथून वधस्तंभावर आले, तिथून पुनरुत्थानावर, तिथून पापक्षमेवर. टाच कधीच धुऊन झाली होती, पट्टीही कापून ठेवली होती, पण मी ती लावत नव्हते, कारण पट्टी लावली की तो उठून जाणार होता. तो मुलगा "हो ताई, हो ताई" म्हणत होता आणि त्याचे डोळे तंबूबाहेर सोबत्यांना शोधत होते. शेवटी मी पट्टी लावली, पिशवीतून एक पुस्तिका काढून दिली, त्याने ती दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी जेजुरीच्या वाटेवर तो पुढे लंगडत चाललेला मला दिसला. पट्टी सुटली होती. मी हाक मारली. त्याने ओळखून नमस्कार केला, "काही नाही ताई, ठीक आहे," म्हणाला आणि पावले भरभर टाकत गर्दीत शिरला. टाच तशीच चिघळत ठेवणे त्याला माझ्यापुढे पुन्हा बसण्यापेक्षा सोपे वाटले होते. मी जे सांगितले ते खरे आहे, यावर माझा आजही पूर्ण विश्वास आहे. पण ज्याचा पाय आपल्या हातात आहे तो उठून जाऊ शकत नाही, आणि जो उठून जाऊ शकत नाही त्याला सांगितलेली गोष्ट सुवार्ता राहत नाही. दवाखान्यात इतकी वर्षे काढूनही हे मला सासवडला कळावे, याची लाज वाटली. पेत्राने आपल्या पत्रात जे विचारतील त्यांना आपल्या आशेविषयी उत्तर द्यायला तयार राहा, पण ते सौम्यतेने द्या, असे लिहिले आहे. त्या मुलाने विचारले होते हे खरे. परंतु त्याने एका वाक्यात विचारले होते आणि मी पाऊण तास उत्तर दिले होते. त्या रात्री मी ठरवले, की हातात पाय असेल तोवर तोंडाने फक्त पायाविषयीच बोलायचे.

वाल्हे सोडून नीरा ओलांडली की पालखी सातारा जिल्ह्यात शिरते. नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान घालतात, तेव्हा काठावर मुंगीलाही वाट मिळत नाही. मी लांबच उभी होते. मुक्कामावर पोहोचल्यानंतरची समाजआरती मात्र मी एकदाही चुकवली नाही. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहून टाळ वाजवत असतात. चोपदार चोप उंचावतात आणि क्षणात सगळे शांत होते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जातात, काय झाले ते ऐकून घेतात, आणि त्यानंतरच टाळ थांबतात. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला शिस्त घालून दिली असे सांगतात. इतक्या मोठ्या समुदायात एका दिंडीच्या गाऱ्हाण्यासाठी सगळ्यांना थांबवण्याची ही रीत मला फार आवडली. आमच्या चर्चच्या कमिटीला ती शिकवावी, असा खवचट विचारही मनात येऊन गेला.

संध्याकाळी दिंडीत हरिपाठ चाले. मी मागे बसून टाळ धरत असे. काही ओळींना माझे ओठ हलत नसत, हे शेजारणींच्या लक्षात आले असणार, पण कोणी काही म्हणाले नाही. तो ठेका मात्र मला परका नव्हता. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांत आणली, आणि मराठी चर्चमध्ये त्यांची पदे आजही गायली जातात. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. लहानपणी टाळांच्या साथीने गायलेली ती पदे ज्या विहिरीचे पाणी आहेत, त्या विहिरीच्या काठावर मी साठी ओलांडल्यावर प्रथमच बसले होते.

तरडगावच्या पुढे मला ताप भरला. दोन दिवस ओल्या कपड्यांत चालल्याचा तो परिणाम होता. परभणीकडच्या एक आक्का आमच्या तंबूत होत्या. सत्तरी उलटलेल्या, डोक्यावर तुळस, बोलणे मोजके. त्यांनी माझी पिशवी आपल्या खांद्यावर घेतली, आणि फलटणच्या मुक्कामी मला बसवून माझे पाय गरम पाण्याच्या घमेल्यात ओढले. मी पाय मागे घेतले. "आक्का, तुम्ही वयाने मोठ्या आहात, तुम्ही नका," असे म्हणत असतानाच योहानाच्या त्याच अध्यायातला पेत्र मला आठवला. त्यानेही पाय मागे घेतले होते, आणि मी सासवडला त्या मुलाला अध्याय सांगताना नेमका पेत्र गाळला होता. आक्कांनी माझे ऐकलेच नाही. अंगठ्याने तळवा रगडत त्या म्हणाल्या, "सगळ्यांचे पाय धरतेस आणि स्वतःचे द्यायला लाजतेस व्हय?"

बरडच्या पुढे, ताप उतरल्यावर, आक्कांनीच विषय काढला.

"रात्री डोळे मिटून काय पुटपुटतेस गं?"

"प्रार्थना करते, आक्का. दिवसभरात भेटलेल्यांची नावे घेते."

"माझं घेतेस?"

"घेते."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या थोरल्याचं पण घे. गेला तो. तीन वर्षं झाली." नाव सांगितले. मी चालता चालताच त्या नावाने प्रार्थना केली, मोठ्याने, मराठीत, साधी. त्यानंतर, "तुझा देव कसा आहे, सांग," असे त्या म्हणाल्या. आता माझ्या हातात कोणाचाही पाय नव्हता, त्या मनात येईल तेव्हा पुढे निघून जाऊ शकत होत्या. मी त्यांना अम्माऊसची गोष्ट सांगितली. येशूला मारल्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याचे दोन शिष्य दुःखात वाट चालत होते. तो जिवंत होऊन त्यांच्या सोबत चालू लागला, त्यांच्याशी बोलला, पण त्यांनी त्याला ओळखले नाही.

"इतका वेळ संगं चालला, तर पाण्याचं तरी विचारलं का त्याला?" आक्कांनी मध्येच विचारले.

"सांज झाली तेव्हा, आता पुढे जाऊ नका, आमच्याकडे राहा, असे म्हणाले."

"हां. मग बरोबर."

जेवायला बसल्यावर त्याने भाकर मोडली तेव्हा त्यांना ओळख पटली, हा शेवट मी सांगितला. आक्कांनी मान डोलावली आणि पुढच्या विसाव्यापर्यंत त्या अभंग गुणगुणत चालल्या. त्यांनी पुस्तिका मागितली नाही. वाचता येत नाही, असे नंतर कळले. उरलेल्या नऊ पुस्तिकांपैकी एक माळशिरसला एका शिक्षकांनी आपण होऊन मागून घेतली. आठ परत आल्या.

पंढरपुरात दर्शनाची रांग कित्येक तासांची होती, म्हणून आमच्या दिंडीने कळसाचे दर्शन घेऊन नामदेव पायरीपर्यंत जायचे ठरवले. मी पायरीसमोरच्या चोखोबांच्या समाधीपाशी गर्दीच्या कडेला थांबले. ज्याला आत प्रवेश नव्हता त्याची समाधी महाद्वाराबाहेर आहे. मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. माझे पणजोबा गावकुसाबाहेरच्या वस्तीतून ख्रिस्ती झाले होते. त्या जागी उभे राहून मला जे वाटले ते सगळेच काही शांत नव्हते.

दिंडीतल्या बायकांनी चपला आणि बोचकी माझ्याजवळ ठेवली. अकरा जोड होते. तासाभराने आक्का परतल्या, घामाने निथळत, चेहरा उजळलेला. त्यांच्या बोटांना बुक्का लागलेला होता. सगळ्यांच्या कपाळी लावत त्या माझ्यापाशी आल्या, हात वर नेला आणि माझ्या कपाळापासून वीतभर अंतरावर थांबवला.

"तुला चालतं का गं?"

सासवडचा तो मुलगा माझ्या डोळ्यांपुढे आला. त्याला मी हे विचारले नव्हते.

"कपाळाला नको, आक्का. हाताला लावा," मी म्हणाले आणि तळवा पुढे केला. त्यांनी अंगठ्याने तळव्यावर बुक्का लावला, बोटांना उरलेला पदराला पुसला आणि खाली वाकून चपलांचे जोड मोजायला लागल्या.