मूसचं कातडं आणि तीनदा उसवलेला अंगठा

मी कोल्हापूरची, त्यामुळे चामड्याचा वास मला नवा नाही, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या चपला लहानपणापासून पायात. पण इथे यलोनाईफला, कॅनडाच्या पार उत्तरेत, मिट्स, म्हणजे चार बोटांना एकच घर आणि अंगठा वेगळा असे हातमोजे शिवायला पहिल्यांदा मूसचं कातडं हातात घेतलं तर त्याला चुलीच्या धुराचा वास!

मूस म्हणजे आपल्या सांबरापेक्षा कितीतरी मोठा प्राणी. इथले मूळ रहिवासी डेने लोक त्याचं कातडं दोन्ही बाजूंनी खरवडतात, त्यावर जनावराचा मेंदू चोळतात, मग पिळायचं, ताणायचं, परत पिळायचं असं करत ते मऊ होतं, आणि शेवटी कुजक्या लाकडाची धुरी. ही धुरी वासासाठी नसते, धुरी दिलेलं कातडं भिजून वाळलं तरी मऊ राहतं, नाहीतर पत्र्यासारखं कडक होईल. एवढी मेहनत बघितल्यावर कात्री लावायला हात धजत नाही खरंच.

मला शिकवणाऱ्या आजी डेटाहच्या. डेटाह हे खाडीपलीकडचं डेने गाव, हिवाळ्यात ग्रेट स्लेव्ह लेक गोठला की बर्फावरून गाडीने जायचं, साधारण साडेसहा किलोमीटर. आजी फार बोलत नाहीत. त्या करतात, आपण बघायचं. चुकलं की हात पुढे करून काम मागून घेतात आणि शांतपणे उसवतात. माझ्या मिट्सचा अंगठा तीनदा उसवला. अंगठ्याचा तुकडा वेगळा कापून तळव्याच्या भोकात बसवायचा असतो, चुण्या एका बाजूला जास्त पडल्या की मूठ मिटताना सगळा तळवा ओढला जातो.

सुई तीन धारांची लागते, साधी सुई चामड्यात जातच नाही. दोरा पूर्वी कॅरिबूच्या, म्हणजे इकडच्या रेनडियरच्या, पाठीतल्या स्नायूची तात असायची, आता मेण लावलेला नायलॉन, नाहीतर चक्क दात साफ करायचा फ्लॉस, तो भारी मजबूत असतो. दोन तुकड्यांच्या मधे चामड्याची बारीक पट्टी घालून शिवायचं, म्हणजे टाके घासून तुटत नाहीत. मनगटाला बीव्हर या प्राण्याची फर, ती कात्रीने नाही कापायची, मागच्या कातडीच्या बाजूने ब्लेडने, म्हणजे केस शाबूत राहतात, आणि शिवताना प्रत्येक टाक्याला केस सुईने आत ढकलायचे. आत डफल, म्हणजे घोंगडीसारखं जाड लोकरी कापड. वर मण्यांची फुलं, एका दोऱ्यात मणी आणि दुसऱ्याने ते जागेवर टाचायचे (ते मला अजून नीट जमत नाही, फुलं आजींचीच).

चारही बोटं एकाच घरात असल्यामुळे एकमेकांना ऊब देतात, म्हणून पाच बोटांच्या ग्लव्ह्जपेक्षा हे गरम. दोन्ही मिट्सना जोडणारी लोकरीची वेणी गळ्यात घालायची, ती मला आधी नुसती शोभेची वाटलेली. मग उणे ३५ मध्ये तलावावर फोटो काढायला हात बाहेर काढले, वारा असा आला की मिट्स कुठल्या कुठे गेले असते, पण ते छातीवर लटकत होते. बोटं तेवढ्यातच बधिर झालेली, परत आत घातली तेव्हा जीव आला.

मागच्या रविवारी पूर्ण जोडी आजींना दाखवायला नेली. त्यांनी आधी आतले टाके बघितले, मग हात घालून मूठ मिटली, उघडली, परत मिटली. आणि जोडी माझ्या हातात दिली. उसवली नाही.