तबकडी, ब्लूटूथ आणि टेपची रिकामी सॉकेटं

जुनं ऑडिओ सामान दुरुस्त करणं हा माझा धंदा. हल्ली दुरुस्तीपेक्षा ‘याला ब्लूटूथ बसवून द्या’ हीच मागणी जास्त. त्या दिवशीच्या घरात मात्र बिघडलेलं काहीच नव्हतं. रेकॉर्ड प्लेयर, कॅसेटच्या जमान्यातला स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन दणकट स्पीकर, सगळं व्यवस्थित. काकांना रात्री हेडफोनवर तबकड्या ऐकायच्या होत्या. त्यासाठी आवाज ब्लूटूथवरून पाठवणारी ट्रान्समीटरची डबी आणून त्यांनी रेकॉर्ड प्लेयरची वायर थेट तिच्यात खोचली. पेअरिंग झालं, पण आवाज डासाच्या गुणगुणण्याएवढा. डबी खराब असणार म्हणून दुसरी आणली, तरी तेच.

“दोन्ही डब्या मेलेल्या कशा निघतील हो?” काकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

डब्या ठणठणीत होत्या. त्यांच्या प्लेयरला बसवलंय तसल्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या भागातून, जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट निघतात. ट्रान्समीटरला लागतो लाइन लेव्हलचा सिग्नल, त्याच्या शंभरेक पट मोठा. शिवाय तबकडी कापतानाच खर्ज दाबलेला आणि वरचे सूर चढवलेले असतात. हा आरआयएए वक्र 1954 पासूनचा. वाजवताना तो उलटा फिरवून मूळ आवाज परत आणणं हे अ‍ॅम्प्लिफायरमधल्या फोनो भागाचं काम. काकांनी नेमका तोच भाग वगळला होता. म्हणून आवाज बारीक तर होताच, वर चिरकाही.

अ‍ॅम्प्लिफायर पुढे ओढून मागची बाजू पाहिली आणि जीव भांड्यात पडला. कॅसेट डेकसाठीची सॉकेटं तिथे धूळ खात होती, टेप इन (बाहेरचा आवाज आत घेणारं) आणि रेक आउट (रेकॉर्डिंगसाठी आवाज बाहेर देणारं). जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला वायरलेस जोडायचं तर मी सगळ्यात आधी हीच जोडी शोधतो. रेक आउटमधून फोनो भागातून सुधारून आलेला सिग्नल मिळतो, तोही व्हॉल्यूमच्या बटणाच्या आधी घेतलेला. म्हणजे स्पीकर पूर्ण बंद ठेवले तरी हेडफोनला आवाज भरपूर. डबी तिथे लावली, काकांनी तबकडीवर सुई टेकवली आणि पुढचं कडवं येईपर्यंत ते माझ्याशी बोललेच नाहीत.

तेवढ्यात त्यांची मुलगी म्हणाली, “दादा, माझ्या फोनवरची गाणी या स्पीकरवर लागतील का?”

ही बरोबर उलटी दिशा. अशा डबीवर टीएक्स-आरएक्सचा, म्हणजे पाठवणं की घेणं हे ठरवणारा, खटका असतो, पण एका वेळी एकच काम होतं. रोज मागे हात घालून खटका कोण फिरवणार? पण मेलेली समजून बाजूला टाकलेली पहिली डबी होतीच की! ती आरएक्सवर टाकून टेप इनला लावली, सिलेक्टर टेपवर केला आणि गाणं सुरू झालं. गाण्याबरोबर एक बारीक किरकिरही. गाणं थांबवलं तरी ती चालूच, आणि फोनने काही हालचाल केली की तिचा सूर बदलायचा.

अशी किरकिर ऐकली की लोक आधी स्पीकरवर किंवा ‘स्वस्तातल्या ब्लूटूथ’वर संशय घेतात. मी आधी वीज कुठून येते ते बघतो. दोन्ही डब्या एकाच दोन तोंडांच्या यूएसबी अ‍ॅडॉप्टरवर होत्या. त्यामुळे त्यांच्या ग्राउंड, म्हणजे सिग्नलच्या परतीच्या तारा, दोन ठिकाणी जुळल्या, एकदा अ‍ॅडॉप्टरमध्ये आणि एकदा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, आणि आतल्या डिजिटल सर्किटचा गोंधळ त्या फेऱ्यातून आवाजात शिरला. खात्री करायला रिसीव्हर पॉवर बँकवर लावला. किरकिर जागच्या जागी थांबली. मग त्याला वेगळा अ‍ॅडॉप्टर दिला. तेवढ्याने भागलं नसतं तर मधे हा फेरा तोडणारा ग्राउंड लूप आयसोलेटर घालावा लागला असता.

काका आता खुशीत होते. तेच हेडफोन त्यांनी टीव्हीलाही जोडून पाहिले आणि लगेच काढले. “माणूस बोलून मोकळा होतो, आवाज मागून येतो!” ब्लूटूथवर आवाज आवळून पाठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, एसबीसी कोडेकमध्ये, दीड-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. तबकडीला चित्र नसतं म्हणून तिथे ते कळत नाही, ओठ दिसले की खटकतं. अ‍ॅपटीएक्स लो लेटन्सीने हा उशीर चाळीसच्या आसपास येतो, पण ते डबी आणि हेडफोन दोन्हींत असावं लागतं. काकांच्या हेडफोनमध्ये नव्हतं. टीव्हीसाठी स्वतःच्या बेससकट येणारे आरएफ (ब्लूटूथशिवाय थेट रेडिओ लहरींवर चालणारे) हेडफोन घ्या, असं मी सांगितलं. तिथे ब्लूटूथचा हट्ट मला पटत नाही.

निघताना त्यांनी आतल्या खोलीतला पिक्चर ट्यूबचा टीव्ही दाखवला. त्याला ऑडिओ आउट नव्हताच. “मागचं झाकण काढा आणि स्पीकरच्या तारांतून वायर काढून द्या,” काका म्हणाले. मी नाही म्हणालो. तसल्या बऱ्याच सेटांची चासी, म्हणजे आतला सांगाडा, थेट मेन्सशी, घरातल्या विजेशी, जोडलेली असते. तिथून काढलेली वायर हातात आली तर शॉक बसेल, जीवही जाईल. ट्रान्सफॉर्मरने वेगळं केल्याशिवाय त्या सेटमधून काही बाहेर काढायचं नाही, आणि त्या सेटसाठी एवढा खटाटोप करावा असं मला वाटलं नाही. काका जरा हिरमुसले. मी झाकणाचा एकही स्क्रू सैल केला नाही.