चढाची इमारत आणि शोल लेकचं पाणी

कॅनडातल्या विनिपेग शहराचं नाव काढलं की लोक थंडी आणि डास यांबद्दलच बोलतात. मी तिथे मुद्दाम एका इमारतीसाठी गेले. रेड आणि असिनिबॉईन नद्यांच्या संगमावर, 'द फोर्क्स' या भागात, 2014 साली उघडलेलं कॅनडाचं मानवाधिकार संग्रहालय.

वास्तुरचनाकार अँटोइन प्रेडॉक, न्यू मेक्सिकोचे. बाहेरून दिसतो तो दगडी डोंगराला बिलगलेला काचेचा ढग आणि त्यातून वर निघालेला मनोरा. हा भाग मला जरा नाटकीच वाटला. खरी करामत आत आहे.

दगडी 'मुळां'च्या मधून आत शिरताना आपण जमिनीच्या पोटात चाललोय असं वाटतं. आत मुद्दाम ठेवलेला काळोख. तिथून वर जातात ते रॅम्प. स्पॅनिश अलाबास्टर या पारभासी दगडाने मढवलेले, आतून दिवे लावलेले, काळ्या भिंतींमधून नागमोडी उजळत जाणारे. सगळे मिळून पाऊण-एक किलोमीटर भरतील. एका दालनात होलोकॉस्ट, दुसरीकडे मूलनिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळा. असं काही बघून बाहेर आलं की लगेच पुढचं दालन येत नाही. आधी रॅम्प चालावा लागतो. ना पाटी, ना पडदा, फक्त उजेड आणि आपली पावलं. या मधल्या चालण्यामुळेच बघितलेलं पचतं. दालनांत पडद्यांची गर्दी फार आहे, त्यामुळे तर ते जास्तच जाणवतं. लिफ्ट आहे, पण गुडघे साथ देत असतील तर घेऊ नका.

शेवटी 100 मीटर उंचीचा 'टॉवर ऑफ होप'. वरून शहर, नद्या आणि सपाट माळ दिसतो. छान आहे, पण मी जास्त रेंगाळले ती खालच्या चिंतन-उद्यानात. चीनच्या इनर मंगोलियातून आणलेले बेसाल्टचे खांब (सह्याद्रीच्या माणसाला हा दगड लगेच ओळखीचा वाटतो) आणि त्यांच्यामध्ये उथळ पाणी.

हे पाणी शोल लेक या तळ्याचं. साऱ्या विनिपेगला 1919 पासून तिथूनच पाणी येतं, दीडशे किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने. ती बांधताना खोदलेल्या कालव्यामुळे 'शोल लेक 40' ही मूलनिवासींची वस्ती मुख्य भूमीपासून तुटली, बेटच झाली. शहराच्या नळाला शुद्ध पाणी, आणि तळ्याकाठच्या या लोकांना मात्र 1997 पासून 2021 पर्यंत पाणी उकळून प्यायची सूचना! महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला त्या उद्यानात नुसतं शांत बसणं अवघडच जातं.

हे संग्रहालय उघडलं त्याच वर्षी त्या वस्तीने आपलं वेगळं संग्रहालय काढलं, कॅनडातल्या मानवाधिकारांच्या पायमल्लीचं. त्यासाठी कुणाला अलाबास्टर लागला नाही. वस्तीपर्यंत बारमाही रस्ता पोहोचला 2019 मध्ये, आणि स्वतःचं जलशुद्धीकरण केंद्र सुरू झालं 2021 मध्ये.